महाराष्ट्राची रोजगार हमी योजना : ग्रामीण विकास धोरणातील एका कायदेशीर हक्काचा इतिहास

प्रस्तावना

स्वातंत्र्योत्तर भारतातील ग्रामीण विकास धोरणाचा इतिहास प्रामुख्याने केंद्र शासनाच्या योजनांच्या अंगाने सांगितला जातो. समुदाय विकास कार्यक्रम, पंचायत राज, सघन कृषी विकास, लघुभूधारक विकास योजना, एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम असा त्याचा परिचित क्रम आहे. यांतील बहुतेक योजना दिल्लीत आखल्या गेल्या आणि राज्यांनी त्या राबविल्या. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना हा या क्रमाला असलेला महत्त्वाचा अपवाद होय. एका राज्याने ती स्वतःच्या अनुभवातून व स्वतःच्या पैशातून उभी केली, १९७७ मध्ये तिला कायद्याचे रूप दिले आणि त्यानंतर अठ्ठावीस वर्षांनी संसदेने त्याच तत्त्वावर देशव्यापी कायदा केला.

या योजनेविषयी अर्थशास्त्रज्ञांनी विपुल लेखन केले आहे. किती मनुष्यदिन रोजगार निर्माण झाला, त्यावर किती खर्च झाला, कोणती कामे झाली व त्यांचा लाभ कोणाला मिळाला, हे त्या लेखनाचे मुख्य प्रश्न आहेत. इतिहासाच्या दृष्टीने त्याहून वेगळा एक प्रश्न उपस्थित होतो. १९७९-८० मध्ये या योजनेवर सुमारे २०.५ कोटी मनुष्यदिन रोजगार निर्माण झाला. १९८९-९० च्या सुमारास तो आकडा आठ कोटींच्या आसपास आला. या दहा वर्षांत कायदा रद्द झाला नव्हता, हमी मागे घेतली गेली नव्हती आणि राज्यातील दारिद्र्यही संपले नव्हते. मग कायदा तोच असताना हमी आकुंचित कशी झाली?

प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन केले आहे की, रोजगाराची हमी तीन आधारांवर उभी होती : कायद्याने दिलेला हक्क, त्या हक्कासाठी राखून ठेवलेला निधी आणि काम मागणाऱ्यांची संघटित शक्ती. तिन्ही आधार एकत्र असताना योजना प्रभावी ठरली. त्यांपैकी एक जरी दुर्बल झाला तरी उरलेल्या दोहोंना हमीचा भार पेलता आला नाही.

दुष्काळी कामांची परंपरा

संकटकाळात सार्वजनिक कामे काढून लोकांना मजुरी देण्याची पद्धत महाराष्ट्राला नवी नव्हती. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमध्ये तलाव, रस्ते व कालवे यांची कामे मोठ्या प्रमाणावर निघाली होती. १८७७ च्या आरंभी सर रिचर्ड टेंपल यांच्या आग्रहावरून मजुरीचा दर घटविण्यात आला आणि धडधाकट माणसाला दिवसाला जेमतेम एक पौंड धान्य मिळेल एवढीच मजुरी ठरली. मुंबई इलाख्यातील मजुरांनी याविरुद्ध मोठ्या संख्येने कामे सोडली. पुणे सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारपुढे मांडली. दुष्काळी मजूर हा केवळ दयेचा विषय नसून मजुरीच्या दराबाबत त्यालाही काही म्हणणे असू शकते, ही जाणीव महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात या प्रसंगाने प्रथम ठळकपणे व्यक्त झाली.

१८८० च्या दुष्काळ आयोगाच्या शिफारशींवरून पुढे दुष्काळ संहिता तयार झाल्या. या संहितांमुळे दुष्काळ निवारणाला प्रशासकीय शिस्त आली. पाऊस, पीक, धान्याचे भाव व स्थलांतर यांच्या लक्षणांवरून दुष्काळ जाहीर करणे, चाचणीची कामे उघडणे आणि नंतर मोठी कामे सुरू करणे असा क्रम निश्चित झाला. परंतु संहितेचे तत्त्व हक्काचे नव्हते. दुष्काळ जाहीर करण्याचा अधिकार शासनाचा होता. काम कष्टाचे, मजुरी पोटापुरती आणि नियम कठोर ठेवले की खरा गरजूच येईल, अशी त्यामागील धारणा होती. काम हीच गरजेची कसोटी मानली गेली. या परंपरेतील दोन गोष्टी पुढे रोजगार हमी योजनेने उचलल्या : कामाच्या मोबदल्यात साहाय्य आणि गरजूने स्वतः पुढे येणे. एक गोष्ट मात्र तिने उलटविली. काम केव्हा उघडायचे हे ठरविण्याचा अधिकार शासनाकडून मजुराकडे आणण्याचा तिचा प्रयत्न होता.

ग्रामीण विकास आणि भूमिहीनांचा प्रश्न

स्वातंत्र्यानंतर ग्रामीण विकासाची पहिली मोठी योजना म्हणजे २ ऑक्टोबर १९५२ रोजी ५५ प्रकल्पांनिशी सुरू झालेला समुदाय विकास कार्यक्रम. पुढील वर्षी राष्ट्रीय विस्तार सेवेने त्याचा विस्तार केला. लोकसहभागाचा अभाव हा या कार्यक्रमाचा प्रमुख दोष असल्याचे बलवंतराय मेहता समितीने १९५७ मध्ये दाखवून दिले व लोकशाही विकेंद्रीकरणाची शिफारस केली. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम संमत झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्यरत झाल्या. जिल्हा हा विकासाचा प्रमुख घटक मानणारी ही रचना त्या काळी देशात लक्षणीय ठरली.

तथापि समुदाय विकास, पंचायत राज आणि सहकार या तिन्ही प्रवाहांत जमीन असलेला शेतकरी हाच केंद्रस्थानी होता. बियाणे, खते, कर्ज, सिंचन व ऊस कारखान्याचे सभासदत्व यांचा लाभ घेण्यासाठी जमीन आवश्यक होती. जिल्हा परिषदांचे व सहकारी संस्थांचे नेतृत्वही प्राधान्याने जमीनधारक वर्गाकडे गेले. भूमिहीन शेतमजूर, अल्पभूधारक कोरडवाहू शेतकरी आणि आदिवासी यांच्यापर्यंत विकासाचा लाभ कसा पोचवायचा, या प्रश्नाला या रचनेत समाधानकारक उत्तर नव्हते.

हा प्रश्न पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील दारिद्र्यावरील ग्रंथात स्पष्टपणे मांडला. उपलब्ध जमीन व लोकसंख्या यांचे प्रमाण पाहता केवळ जमिनीच्या फेरवाटपाने ग्रामीण दारिद्र्य दूर होणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. किमान मजुरीवर काम करण्यास तयार असलेल्या प्रत्येकाला सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा आणि त्याचा भार सुस्थितीतील वर्गाने उचलावा, असे त्यांनी सुचविले. पुढे महाराष्ट्रात जे घडले त्याचा वैचारिक आराखडा या मांडणीत बऱ्याच अंशी आढळतो. रोजगार हमीचा उगम मात्र केवळ ग्रंथात शोधणे योग्य होणार नाही.

विसापूर ते १९७२ चा दुष्काळ

वि. स. पागे हे सर्वोदय विचाराचे कार्यकर्ते आणि १९६० ते १९७८ या काळात महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात, विशेषतः विसापूर परिसरात, त्यांच्या पुढाकाराने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एकात्मिक क्षेत्र विकासाचा एक प्रायोगिक उपक्रम राबविण्यात आला. शेतीच्या सुधारणेची कामे व गावातील मजुरांना कामाची शाश्वती यांची सांगड घालणे हा त्याचा गाभा होता. पागे यांच्या मांडणीत काम मागणे हा गावातील प्रौढ व्यक्तीचा अधिकार होता आणि काम पुरविणे हे शासनाचे कर्तव्य होते. ‘मागेल त्याला काम’ या नावाने ही कल्पना लोकांपर्यंत पोचली. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्या शासनाने ती स्वीकारली आणि १९७२ मध्ये ग्रामीण विकासाच्या पंधरा कलमी कार्यक्रमाचा भाग म्हणून रोजगार हमी योजना जाहीर झाली.

योजना नीट उभी राहण्यापूर्वीच राज्य भीषण दुष्काळाच्या छायेत आले. १९७० पासून अन्नधान्याचे उत्पादन सलग तीन वर्षे घटत गेले आणि १९७२-७३ मध्ये पावसाने बहुतांश राज्यात पाठ फिरविली. रोजगार हमी योजना बाजूला ठेवून शासनाने पारंपरिक दुष्काळी कामे प्रचंड प्रमाणावर उघडली. मे १९७३ मध्ये या कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली. खडी फोडणे, पाझर तलाव, नालाबांध, बांधबंदिस्ती व रस्ते यांच्या कामांवर गावेच्या गावे लोटली. पूरक आहार म्हणून अनेक ठिकाणी सुकडीचे वाटप झाले. इतक्या तीव्र दुष्काळातही मोठ्या प्रमाणावरील भूकबळी टळले, याचे श्रेय ज्याँ द्रेझ यांच्यासारख्या अभ्यासकांनी मुख्यतः या कामांतून लोकांच्या हाती आलेल्या क्रयशक्तीला दिले आहे.

या दुष्काळाचा दुसरा परिणाम राजकीय होता. एरवी विखुरलेला शेतमजूर दुष्काळी कामावर हजारोंच्या संख्येने एकत्र आला. मजुरी वेळेवर मिळावी, दर वाढवावा, कामे बंद करू नयेत या मागण्यांसाठी मोर्चे व संप झाले. लाल निशाण पक्ष, कम्युनिस्ट व समाजवादी पक्ष यांचे कार्यकर्ते या लढ्यांत पुढे होते. धुळे जिल्ह्यातील शहादा परिसरात श्रमिक संघटनेने याच सुमारास आदिवासी मजुरांना संघटित केले. दुष्काळ संपताच ही कामे बंद होणार होती. ज्या मजुराने पहिल्यांदा गावाबाहेरच्या मालकाकडून, म्हणजे शासनाकडून, रोख मजुरी घेतली होती तो पुन्हा निमूटपणे जुन्या व्यवस्थेत परतेल अशी स्थिती राहिली नव्हती. १९७४ नंतर रोजगार हमी योजनेचे पुनरुज्जीवन झाले ते या पार्श्वभूमीवर.

निधी आणि कायदा

योजनेच्या इतिहासातील निर्णायक पाऊल १९७५ चे आहे. त्या वर्षी महाराष्ट्र राज्य व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कर अधिनियम अमलात आला. हा व्यवसाय कर, विक्रीकर व मोटार वाहन करावरील अधिभार, सिंचित जमिनीवरील कर, शहरी भागातील अनिवासी जमिनी व इमारती यांवरील कर अशा निश्चित स्रोतांतून रोजगार हमीसाठी स्वतंत्र पैसा उभा राहिला. या करांतून येणाऱ्या रकमेइतकाच वाटा राज्य शासनाने आपल्या तिजोरीतून घालावयाचा होता. पगारदाराच्या वेतनातून दरमहा कापला जाणारा व्यवसाय कर हा याच व्यवस्थेचा भाग आहे. महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्राध्यापकाच्या वेतनपत्रकात अकरा महिने २०० रुपयांची आणि फेब्रुवारीत ३०० रुपयांची जी कपात दिसते, तिचे मूळ १९७५ च्या या निर्णयात आहे. वर्षाला २,५०० रुपयांची ही कमाल मर्यादा घटनेच्या २७६ व्या कलमात १९८८ मध्ये झालेल्या दुरुस्तीने ठरली आहे.

दोन वर्षांनी, १९७७ मध्ये, वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विधिमंडळाने महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम संमत केला. राष्ट्रपतींच्या संमतीनंतर तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. घटनेच्या ४१ व्या कलमात कामाच्या हक्काचा निर्देश असला, तरी मार्गदर्शक तत्त्व म्हणून तो न्यायालयात बजावता येत नाही. महाराष्ट्राने आपल्या ग्रामीण भागापुरते त्या निर्देशाला कायद्याचे बळ दिले.

कायद्याच्या प्रमुख तरतुदी पुढीलप्रमाणे होत्या. ग्रामीण भागातील व ‘क’ वर्ग नगरपालिका क्षेत्रांतील अंगमेहनतीचे काम करण्यास तयार असलेल्या कोणत्याही प्रौढ व्यक्तीला नोंदणी करून काम मागता येई. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम देणे बंधनकारक होते. ते न दिल्यास दिवसाला किमान एक रुपया बेकारी भत्ता द्यावयाचा होता. दिवसांची मर्यादा नव्हती आणि हक्क कुटुंबाचा नसून व्यक्तीचा होता. खर्चापैकी किमान ६० टक्के रक्कम अकुशल मजुरीवर होणे आवश्यक होते. कंत्राटदारांना मनाई होती. कामावर पिण्याचे पाणी, प्रथमोपचार, सावली व लहान मुलांची देखभाल यांची सोय करावयाची होती. नवे काम उघडण्यासाठी सामान्यतः किमान ५० मजुरांची मागणी लागत असे.

हा कायदा एकमताने संमत झाला, ही बाब विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. परस्परविरोधी हितसंबंध असलेल्या गटांना तो का मान्य झाला? बागायतदार वर्गाच्या दृष्टीने पाझर तलाव, बांधबंदिस्ती व रस्ते यांमुळे जमिनीची उत्पादकता वाढणार होती आणि जमिनीच्या मालकीला हात लागणार नव्हता. शहरी वर्गाच्या दृष्टीने खेड्यांतून मुंबई-पुण्याकडे येणारे दुष्काळग्रस्तांचे लोंढे थांबणार होते. डाव्या पक्षांच्या व मजूर संघटनांच्या दृष्टीने शेतमजुराला मालकाशी बोलणी करताना एक पर्याय मिळणार होता. रोनाल्ड हेरिंग व रेक्स एडवर्ड्स यांनी १९८३ मध्ये या योजनेच्या वर्गीय बाजूचे विश्लेषण करताना जमीनधारकांच्या लाभावर भर दिला आहे. ते विश्लेषण बरेचसे ग्राह्य आहे. परंतु एखाद्या धोरणाला सबळ वर्गाची संमती मिळाली म्हणून दुर्बल वर्गासाठी ते निरर्थक ठरत नाही. तिन्ही गटांच्या या तडजोडीतच योजनेचे बळ होते. तडजोडीचा तोल ढळला तेव्हा योजना क्षीण का झाली, याचेही उत्तर तेथेच मिळते.

हमी प्रत्यक्षात

योजनेची अंमलबजावणी जिल्हाधिकारी व तहसीलदार यांच्या महसूल यंत्रणेकडे आणि कामांचे तांत्रिक नियोजन पाटबंधारे, कृषी, वने व सार्वजनिक बांधकाम या खात्यांकडे होते. प्रत्येक तालुक्यासाठी मंजूर कामांचा साठा तयार ठेवावयाचा असे. प्रशासकीय भाषेत त्यांना ‘शेल्फवरील कामे’ म्हणत. मजुरांनी ‘नमुना ४’ भरून मागणी केली की त्यांपैकी एखादे काम सुरू व्हावे अशी अपेक्षा होती. मजुरी कामाच्या मोजमापावर दिली जाई. हजेरी सहायक हजेरीपट ठेवी आणि अभियंता मोजमाप घेई.

या व्यवस्थेचा सर्वांत लक्षणीय सामाजिक परिणाम स्त्रियांच्या बाबतीत झाला. खासगी शेतीत स्त्रीची मजुरी पुरुषाच्या मजुरीपेक्षा कमी असणे हा सर्वमान्य रिवाज होता. रोजगार हमीच्या कामावर दर कामाचा होता, स्त्री-पुरुषाचा नव्हता. अनेक कामांवर स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्या जवळ जाई. परित्यक्ता, विधवा व भूमिहीन कुटुंबांतील स्त्रियांना गावापासून फार दूर न जाता रोख मजुरी मिळण्याचा हा बहुधा एकमेव मार्ग होता. कोरडवाहू भागांतील खासगी मजुरीच्या दरावरही योजनेचा दबाव आला, आणि मोठे शेतकरी योजनेविषयी तक्रार करू लागले.

कागदावरील तरतुदी आणि वास्तव यांतील अंतर मात्र आरंभापासून होते. ‘नमुना ४’ स्वीकारण्यास टाळाटाळ होई. पोच दिली नाही तर पंधरा दिवसांची मुदत सुरूच होत नसे. परिणामी बेकारी भत्ता क्वचितच कोणाला मिळाला. मोजमाप कमी लावल्यामुळे मजुरी घटे आणि ती मिळण्यास आठवडेच्या आठवडे लागत. हजेरीपटावर खोटी नावे चढविण्याचे प्रकारही घडले. ज्या तालुक्यांत शेतमजुरांच्या संघटना कार्यरत होत्या तेथे सामूहिक अर्ज, तहसील कार्यालयावरील मोर्चे व मोजमापाच्या वेळी प्रत्यक्ष उपस्थिती या मार्गांनी कायद्यातील हमी अमलात आणली गेली. धुळ्यात श्रमिक संघटना आणि ठाणे जिल्ह्यात भूमिसेना व कष्टकरी संघटना यांनी आदिवासी भागांत काम मागण्याचा हक्क वापरून दाखविला. जेथे अशी संघटना नव्हती तेथे योजना तहसीलदार व लोकप्रतिनिधी यांच्या मर्जीवर चालली. मागणीवर आधारलेला कायदा मागणी करणाऱ्याच्या बळावरच चालतो, हा या अनुभवाचा अर्थ होय.

१९८८ नंतरचे वळण

दुष्काळी कामावरील मजुरालाही किमान वेतन मिळालेच पाहिजे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये राजस्थानातील संजीत रॉय प्रकरणात दिला होता. महाराष्ट्रात १९८८ च्या मे महिन्यात किमान वेतनाचे दर जवळजवळ दुप्पट झाले आणि रोजगार हमीचे दरही त्यांच्याशी जुळविण्यात आले. मजुराच्या दृष्टीने हा न्याय्य निर्णय होता. दर वाढल्यावर कामाची मागणी वाढावयास हवी होती. प्रत्यक्षात निर्माण झालेला रोजगार झपाट्याने घटला. मार्टिन रॅव्हॅलियन, गौरव दत्त व शुभम चौधुरी यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या विसंगतीचा अर्थ स्पष्ट केला आहे. मागणी कमी झाली नव्हती. कामे उघडण्यातील दिरंगाई व दूरवरची कामे अशा मार्गांनी शासनाने रोजगाराचा पुरवठा मर्यादित केला होता. कायद्यात अमर्याद असलेली हमी व्यवहारात अंदाजपत्रकाच्या चौकटीत बसविली गेली.

याच सुमारास निधीचा रोखही बदलला. रोजगार हमीच्या पैशातून अल्पभूधारकांसाठी जवाहर विहिरी आणि १९९० पासून फळबाग लागवडीचा कार्यक्रम सुरू झाला. फळबाग योजनेने राज्यात आंबा, डाळिंब, संत्रा, काजू यांसारख्या पिकांखालील क्षेत्र वाढविण्यास मोठा हातभार लावला, हे निर्विवाद आहे. तथापि फळबागेसाठी जमीन लागते. भूमिहीनाच्या हक्कासाठी राखून ठेवलेल्या निधीतून जमीनधारकाला अनुदान मिळू लागले. दुसरीकडे, राखीव करांचे उत्पन्न वाढत असताना १९९० च्या दशकातील अनेक वर्षांत योजनेवरील खर्च त्या प्रमाणात वाढला नाही. शहरी करदाता पैसे देत राहिला, पण तो पैसा पूर्णपणे मजुरापर्यंत पोचला नाही. मिक मूर व विशाल जाधव यांनी २००६ मध्ये या घसरणीची मीमांसा करताना राजकीय आस्था आटणे आणि कामे काढण्याविषयी प्रशासनाचा निरुत्साह या दोहोंकडे लक्ष वेधले आहे. शेतमजुरांच्या संघटनाही या काळात सत्तर-ऐंशीच्या दशकांइतक्या प्रबळ राहिल्या नव्हत्या.

योजनेतून उभ्या राहिलेल्या मत्तेचा दर्जा हा टीकेचा दुसरा विषय होता. अर्धवट सोडलेले रस्ते व देखभालीअभावी निकामी झालेले बंधारे यांची उदाहरणे जागोजागी दिसत. महाराष्ट्रात सक्षम जिल्हा परिषदा असूनही योजना महसूल व तांत्रिक खात्यांकडे ठेवल्यामुळे गावाचा कामाच्या निवडीशी व देखभालीशी संबंध क्षीण राहिला, हे याचे एक प्रमुख कारण होय. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे १९९० च्या दशकात ग्रामसभेने पाणलोट विकासाचा आराखडा करून रोजगार हमीची कामे त्यात बसविली, तेव्हा त्याच योजनेतून टिकाऊ जलसंधारण झाले. दोष मातीकामाचा नव्हता, नियोजनाच्या जागेचा होता, असे या उदाहरणावरून म्हणता येईल.

राष्ट्रीय कायदा आणि त्यानंतर

केंद्र शासनाने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार कार्यक्रम (१९८०), ग्रामीण भूमिहीन रोजगार हमी कार्यक्रम (१९८३), जवाहर रोजगार योजना (१९८९), रोजगार आश्वासन योजना (१९९३) व संपूर्ण ग्रामीण रोजगार योजना (२००१) अशा अनेक योजना आणल्या. त्यांपैकी काहींच्या नावात ‘हमी’ वा ‘आश्वासन’ असले तरी एकीतही कायदेशीर हक्क नव्हता. उपलब्ध निधी संपला की काम संपे. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी अधिनियमाने हा फरक मिटविला. २ फेब्रुवारी २००६ पासून २०० जिल्ह्यांत आणि १ एप्रिल २००८ पासून देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत तो लागू झाला. २००९ मध्ये त्याला महात्मा गांधींचे नाव देण्यात आले.

महाराष्ट्राच्या कायद्याशी तुलना करता राष्ट्रीय कायदा काही बाबतींत पुढे व काही बाबतींत मागे होता. पंधरा दिवसांची मुदत व बेकारी भत्ता ही तत्त्वे त्याने स्वीकारली. ग्रामपंचायतीला कामांत मध्यवर्ती स्थान दिले आणि सामाजिक अंकेक्षणाची तरतूद केली. व्यक्तीचा अमर्याद हक्क मात्र कुटुंबामागे वर्षाला १०० दिवसांपुरता मर्यादित झाला. अकुशल मजुरीचा संपूर्ण खर्च केंद्राकडे आणि बेकारी भत्त्याचा भार राज्याकडे गेला. महाराष्ट्राने आपला कायदा या चौकटीशी जुळवून घेतला व १०० दिवसांपुढील रोजगाराची जबाबदारी स्वतःकडे ठेवली. हमीची जन्मभूमी असूनही पहिल्या काही वर्षांत या राज्याची कामगिरी राजस्थान व आंध्र प्रदेश यांच्या मागे राहिली, हे वर वर्णिलेल्या घसरणीशी सुसंगतच होते. कायदा नवा आला तरी यंत्रणेची सवय जुनीच होती.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याची जागा घेणारा विकसित भारत – रोजगार व आजीविका हमी अभियान (ग्रामीण) अधिनियम संमत केला. त्यात कुटुंबामागे दिवसांची संख्या १२५ करण्यात आली आहे. त्याच वेळी बहुतेक राज्यांसाठी खर्चाचे प्रमाण ६० : ४० असे ठरविले असून, केंद्राने निकषांनुसार निश्चित केलेल्या रकमेपलीकडील खर्च राज्यांनी सोसावयाचा आहे. पेरणी व काढणीच्या हंगामात एकूण ६० दिवसांपर्यंत कामे थांबविण्याची तरतूदही त्यात आहे. या कायद्याचे गुणदोष अनुभवांती ठरतील. महाराष्ट्राच्या इतिहासातून त्याला विचारावयाचे प्रश्न मात्र आजच स्पष्ट आहेत : मागणी वाढल्यास पैसा कोठून येणार, आणि काम नाकारले गेल्यास मजुराने कोणाकडे जावयाचे?

निष्कर्ष

रोजगार हमी योजनेच्या या इतिहासातून पुढील निष्कर्ष निघतात.

१. रोजगार हमी ही एखाद्या व्यक्तीची वा एका पक्षाची देणगी नव्हती. दुष्काळी कामांची शतकभराची परंपरा, सर्वोदय विचार, अर्थशास्त्रज्ञांचे विवेचन आणि १९७२-७३ मध्ये संघटित झालेल्या मजुरांचा दबाव यांच्या संयोगातून ती निर्माण झाली.

२. हक्काची घोषणा करण्यापूर्वी महाराष्ट्राने निधीची व्यवस्था केली. १९७५ चा कर आधी व १९७७ चा कायदा नंतर, हा क्रम योजनेच्या पहिल्या दशकातील यशाचे महत्त्वाचे कारण होता.

३. राखीव निधी अस्तित्वात असूनही १९८८ नंतर हमी आकुंचित झाली. त्यामुळे निधी आवश्यक असला तरी पुरेसा नाही, हे सिद्ध होते. संघटित मागणीच्या अभावी निधीचा ओघ अधिक बोलक्या वर्गाकडे वळतो.

४. बेकारी भत्ता ही हमीची खरी कसोटी होती. तो जवळजवळ दिलाच गेला नाही आणि त्यामुळे काम नाकारण्याची किंमत प्रशासनाला कधी मोजावी लागली नाही.

५. टिकाऊ मत्ता निर्माण होण्यासाठी कामाची निवड व देखभाल गावाच्या हाती असणे आवश्यक आहे.

विकसनशील देशांतील ग्रामीण विकास धोरणांचा अभ्यास करताना योजनांची नावे व तरतुदी यांना अवाजवी महत्त्व दिले जाते. महाराष्ट्राचा अनुभव असे सांगतो की, कायद्याच्या पुस्तकातील शब्द न बदलताही त्याचा आशय बदलू शकतो. पागे यांच्या कल्पनेतील मजूर हा काम मागणारा नागरिक होता. त्याची मागणी नोंदवून घेऊन तिची पोच देणारा कारकून, ती पुरी करण्यास लागणारा पैसा आणि त्याच्यासोबत उभे राहणारे चार लोक एवढी सामग्री असेल तेथेच हमीला अर्थ राहिला. पुढील कोणत्याही रोजगार धोरणाचे मूल्यमापन याच कसोटीवर करावे लागेल.